एकवीस माणकांची अंगठी

माझ्या सासऱ्यांनी माझा चेहरा पहिल्यांदा नीट कधी पाहिला, कोण जाणे. लग्नाला सहा महिने होऊन गेल्यावर एकदा मी बाजारातून येत होते आणि ते समोरून आले. ओळख न दाखवता सरळ पुढे निघाले होते. मग त्यांची नजर माझ्या हातातल्या पिशवीकडे गेली, पिशवी धरलेल्या बोटांकडे गेली, आणि ते थांबले.

"तू व्हय," म्हणाले. "मला वाटलं, कोन बाई हाय."

बोट मात्र त्यांनी लग्नाआधीच पाहिलं होतं. बोट पाहूनच तर मला सून करून घेतलं. लोक हुंडा बघतात, रंग बघतात, पत्रिका बघतात. आमच्या मामंजींनी माप बघितलं.

एकोणीसशे पन्नासनंतरची ही गोष्ट. चिंचवड तेव्हा गावच होतं. पिंपरीच्या बाजूला निर्वासितांची छावणी पडली होती आणि औषधांचा नवा कारखाना नुकताच सुरू झाला होता. आमचं घर नदीकडे उतरणाऱ्या बोळात, आणि घराच्या पुढच्या खोलीत मामंजींचं सोनारकीचं दुकान. एक बैठक, समोर शेगडी, फुंकणी, ऐरण, चिमटे, कानशी, आणि भिंतीवर खिळ्याला अडकवलेली लोखंडी कड्यांची जुडी. ती बोटांच्या मापांची. मामंजींच्या चष्म्याची एक काडी तुटलेली होती. तिच्या जागी दोरा बांधून तो कानात अडकवायचे. सोन्याचं काम करणाऱ्या माणसाला एक काडी जोडून घ्यायला वेळ मिळाला नाही, तो शेवटपर्यंत.

गिऱ्हाइकाला रामराम घालायचे तोही त्याच्या हातांकडे बघून. "तोंड खोटं बोलतंय, बोट न्हाई," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. अंगठी करायला कोणी एकटा आला की त्याला आल्या पावली परत पाठवायचे. जिच्या बोटात घालायची तिला घेऊन ये. ती आली की एका मापावर काम भागायचं नाही. सकाळी एकदा या, जेवल्यावर एकदा या, दिवस कलल्यावर एकदा या.

"सकाळचं बोट सुजलेलं असतंय, दुपारचं जेवलेलं असतंय आन सांजचं दमलेलं असतंय. तिन्ही बोटांना बसंल ती अंगठी."

तळेगावकडचा एक वरबाप त्यांच्यावर भर दुकानात ओरडला होता, "अहो, लग्न परवावर आलंय आमचं!"

"मंग परवाचं बोट आनून दावा," मामंजी म्हणाले आणि सोनं त्याच्या हातात परत ठेवून फुंकणी उचलली.

लोक चिडायचे, पण यायचे. कारण अंगठी निवडून द्यावी ती त्यांनीच. कारखान्यात लागलेली माणसं, कोणी नगरकडची, कोणी साताऱ्याची, कोणी कोकणातली, पहिल्यांदा हातात चार पैसे आले की बायकोला घेऊन दुकानात यायची. मामंजी मग नको ते प्रश्न विचारायचे. बाई भाकऱ्या किती थापते? विहिरीचं पाणी ओढते की नळाचं भरते? लेकरं किती, अजून व्हायची आहेत का? बाई लाजून पदर तोंडावर घ्यायची आणि नवरा जमिनीकडे बघायचा. उत्तरं मिळेपर्यंत हे थांबायचे.

"भाकरी थापनारीला खडे नख्यांनी धरलेली अंगठी नगं. नख्यांत पीठ बसतंय, लुगड्याचा दोरा अडकतोय. कोंदनात खडे बसवून घ्या, वर बोट फिरवलं तर गुळगुळीत लागलं पायजे. पुढं तीन खडे, न्हाईतर पाच. मागं नुसतं सोनं. मागचं सोनं कापता येतंय, जोडता येतंय. बाईचं बोट जल्मभर एक ऱ्हात न्हाई, राव."

आणि फारच नवं जोडपं असलं तर खडे वगैरे काही नाही. सोन्याच्या तारेचं वेढं करून द्यायचे. ओढलं की सैल, दाबलं की घट्ट. "अजून तुमचं तुमाला कळायचंय," म्हणायचे. "तवर हे घाला."

मी आतल्या दाराआड तांदूळ निवडत हे सगळं ऐकायची. बाईचं बोट जन्मभर एक राहत नाही, हे वाक्य मी त्यांच्या तोंडून निदान शंभर वेळा ऐकलं असेल. प्रत्येक वेळी माझा अंगठा आपोआप माझ्याच डाव्या हाताच्या अंगठीवर जायचा. तसली अंगठी ते गिऱ्हाइकाला कधी देत नसत.

सगळ्या बाजूंनी खडे असलेल्या अंगठीला ते 'अखंड' म्हणायचे. तरुणपणी ते पुण्याच्या लष्कर भागात एका जवाहिऱ्याकडे कामाला होते, तिथे एका साहेबाच्या बायकोच्या बोटात त्यांनी ती पहिल्यांदा पाहिली. दुरुस्तीला आली होती. त्या लोकांत म्हणे पहिलं मूल झालं किंवा संसाराची बरीच वर्षं पार पडली की नवरा बायकोला अशी अंगठी देतो. सुरुवात नाही, शेवट नाही, तसं आमचं प्रेम, असा तिचा अर्थ. मामंजींना त्याचं नवल वाटलं नव्हतं. आपल्याकडेही पूर्वी शेपटी तोंडात धरलेल्या सापाच्या अंगठ्या असत, असं ते सांगायचे. नवल वाटलं ते कामाचं. जोड कुठे आहे ते दिसत नव्हतं.

तशी अंगठी त्यांनी आयुष्यात एकच केली. आमचे हे जन्मले तेव्हा, माझ्या सासूबाईंसाठी. बाजरीच्या दाण्याएवढी एकवीस माणकं, सगळी एका रंगाची. ती जमवायलाच दोन वर्षं लागली होती. हे अकरा वर्षांचे असताना सासूबाई गेल्या. अंगठी गुलाबी कागदात गुंडाळून मामंजींनी बंडीच्या आतल्या खिशात ठेवली आणि ठरवून टाकलं की ती आता सुनेच्या बोटात जाईल.

अडचण एकच होती, आणि ती सोनाराला सांगायला नको. अखंड अंगठी लहानमोठी होत नाही. वाढवायला मध्ये सोनं घालावं तर खड्यांची रांग तुटते. तापवावी तर माणिक तडकतं. ठोकून वाढवावी तर कोंदणं सैल होऊन खडे गळतात. दुसरा कोणी असता तर म्हणाला असता, ठेवून देऊ, देव्हाऱ्यात ठेवू. यांनी सून अंगठीच्या मापाची शोधायला घेतली.

चौदा मुली पाहिल्या. चौदाही नाकारल्या. कोणाच्या बोटात पेराशी अडकली, कोणाच्या बोटात फिरली. त्यातल्या एकीला मी पुढे भेटले, देहूरोडला दिली होती. चांगली उंच, हसरी बाई. "माझं बोट जाड निघालं, म्हणून वाचले गं," म्हणाली.

मी पंधरावी. चाकणचं माझं माहेर, वडीलही सोनारच. मामंजी आले तेव्हा दोन महिन्यांच्या हिवतापातून मी नुकती उठले होते. हाताच्या बांगड्या कोपरापर्यंत वर जात होत्या. आई म्हणाली, पुढच्या महिन्यात बोलवा, पोरगी जरा भरू द्या. वडील म्हणाले, आत्ताच बोलवा. त्यांनी अंगठीची गोष्ट ऐकली होती, मापही कुठूनसं काढलं होतं.

मला पाटावर बसवलं. मामंजींनी नाव विचारलं नाही, स्वयंपाक येतो का विचारलं नाही. "डावा हात," म्हणाले. अंगठी पेरावरून गेली, बोटाच्या मुळाशी जाऊन बसली. त्यांनी ती एकदा फिरवली. मग मान वर केली, माझ्याकडे नाही, माझ्या वडिलांकडे. मामंजींच्या डोळ्यांत पाणी होतं. तेव्हा मला त्यांची दया आली होती, हे खोटं कशाला बोलू?

ज्या माणसानं सबंध पंचक्रोशीला तीन-तीन वेळा माप द्यायला लावलं, त्यानं माझं माप एकदाच घेतलं. ते गेल्यावर आई स्वयंपाकघरात वडिलांना म्हणाली, "पोरीचं बोट ह्ये न्हाई. तापातलं हाय ते."

"म्हाईत हाय मला," वडील म्हणाले. "बोट भरंस्तवर लगीन झालेलं आसंल."

दोन सोनारांनी मिळून केलेला हा व्यवहार. बोट माझं होतं.

लग्न झालं आणि चार महिन्यांत मी भरले. चिंचवडचं पाणी, आत्याबाईंच्या हातचं कालवण. आत्याबाई म्हणजे मामंजींची विधवा बहीण, घर त्याच चालवायच्या. अंगठी आधी फिरेनाशी झाली, मग हलेनाशी. मी कोणाला बोलले नाही. न्हाताना तेल लावायची, आणि हळूहळू अर्धी भाकरी कमी करायला लागले. मामंजी आत्याबाईंना म्हणायचे, "सून खान्याला बेतशीर हाय." आमच्या घरात एवढं कौतुक दुसऱ्या कोणाचं झालेलं मी ऐकलं नाही.

एकदा मात्र मी हिंमत करून विचारलं होतं, "मामंजी, घट्ट होतीय जरा."

"होऊ दे. बोटाला अंगठीचं वळन लागतंय. लागाया वेळ जातो."

म्हणजे गिऱ्हाइकाचं बोट खरं आणि अंगठी त्याच्या मापाची. घरात अंगठी खरी. हे त्यांनी डोक्यात कसं सांभाळलं होतं, मला कधी कळलं नाही. बरं, माणूस मूर्ख नव्हता. त्याच वर्षी कारखान्याच्या एका परदेशी इंजिनिअरची बायको जीपमधून आली होती, बरोबर दुभाषा म्हणून एक कारकून. मडमच्या बोटात अशीच अखंड अंगठी, हिऱ्यांची, बोट वांग्यासारखं सुजलेलं. तिला ती मोठी करून हवी होती.

"मोठी होत न्हाई. कापतो म्हनावं," मामंजी म्हणाले.

मडम कापू देईना. नवऱ्यानं दिलेली आहे, म्हणून रडायला लागली. मामंजींनी कारकुनाला सुनावलं, "तिला सांग, बोट आधी. बोट गेलं तर त्यो नवरा काय अंगठीला घिऊन नाचनार हाय?" कारकुनानं त्याचं इंग्रजीत काय केलं कोण जाणे, पण मडम रडता रडता हसली. मामंजींनी अंगठीखालून पातळ पत्रा सरकवला, तळव्याच्या बाजूनं कानस चालवली आणि पाच मिनिटांत बोट मोकळं केलं. हिरे गुलाबी कागदात बांधून दिले. मी दाराआडून पाहत होते. केवढा शहाणा माणूस, असं माझ्या मनात आलं होतं.

पुढे ते बरीच वर्षं जगले. शेवटची दोन वर्षं अंथरुणावर होते आणि त्यांचं सगळं मीच केलं. गेले तेव्हा खांदा द्यायला आलेल्या निम्म्या लोकांच्या हातात त्यांनी केलेल्या अंगठ्या होत्या. असा निवडून देणारा सोनार पुन्हा होणार नाही, असं मला चार जणांनी सांगितलं. मी मान हलवली. ते खरंच होतं. पण माझा डावा हात कोणी पाहिला असता तर बोलणं तिथेच थांबलं असतं. त्या हाताची अनामिका अजून पुरती मिटत नाही. थंडीत ते बोट माझं आहे असं वाटतही नाही.

ते बोट तसं झालं तेव्हा चैत्र होता, मला आठवा लागला होता. आधी पाय सुजले, मग हात. अंगठी मांसात रुतून दिसेनाशी झाली, वर फक्त लाल ठिपके. बोट आधी लाल होतं, मग जांभळं झालं. मामंजींनी साबण लावला, लोणी लावलं, बोटाला टोकापासून दोरा गुंडाळून अंगठी त्यावरून सरकवायचा सोनारांचा उपाय दोनदा केला. ती तसूभर हलली नाही. मी ओरडले तर म्हणाले, "जरा दम धर."

आमचे हे कारखान्यात कामाला होते, त्यांनी तिथल्या डॉक्टरांना विचारलं. कापून काढा आणि आजच काढा, उशीर केलात तर बोट जाईल, असा निरोप आणला. मग दुकानाच्या उंबऱ्यावर उभे राहून म्हणाले, "दादा, कापायची का?"

"उद्या बघू. सूज उतरंल."

"डॉक्टर म्हणत होते..."

"डाक्तरला सोन्यातलं काय कळतंय? तुज्या आईची हाय ती."

दुसऱ्या पाळीला जायची वेळ झाली म्हणून हे डबा घेऊन निघून गेले. मला त्यांचा राग यायला हवा होता. त्या दिवशी तेवढी ताकद नव्हती.

दुसऱ्या दिवशी दुपारी बोटाचं टोक काळं पडलं. मी मामंजींसमोर हात धरला. त्यांनी पाहिला. हात पाहण्यात त्यांची चूक कधी होत नसे.

"सांजपातूर बघू," म्हणाले आणि माडीवर जाऊन पडले.

मी स्वयंपाकघरात भिंतीला टेकून बसले. आत्याबाई चुलीपाशी होत्या. चुलीकडे बघतच म्हणाल्या, "वैनी लई उपास करायची."

सासूबाईंचे उपास मला माहीत होते. सोमवार, गुरुवार, शनिवार, दोन्ही एकादश्या. बोळातल्या बायका अजून नाव घ्यायच्या, देवभोळी बाई म्हणून.

"देवासाठी न्हवतं गं त्ये," आत्याबाई म्हणाल्या. "बोटासाठी व्हतं. तुजा नवरा झाल्यावर ती अंगावर भरली आन अंगठी दाटली. दादाला कापा म्हनाली तर दादा आठ दिस जेवला न्हाई. मंग हिनंच खायाचं सोडलं. गेली तवा अंगठी काढावी लागलीच न्हाई. हात उचलला तर निगून खाली पडली."

"मामंजींना माहीत होतं?"

"दादाला वाटतं, तिचा जीव व्हता अंगठीत."

मी उठले. आठव्या महिन्याचं ओझं घेऊन दुकानात गेले आणि त्यांच्या बैठकीवर बसले. बाईनं त्या जागी बसायचं नसतं, हे मला सोनाराच्या पोरीला कोणी शिकवायला नको होतं. तिकोनी कानस उचलली. डावा हात ऐरणीवर ठेवला. मागून आत्याबाई आल्या. मला वाटलं, ओढून उठवतील. त्यांनी खाली बसून माझं मनगट दोन्ही हातांनी ऐरणीवर दाबून धरलं.

"काप," म्हणाल्या. "मी धरते."

पत्रा अंगठीखाली जाईना, इतकी जागाच नव्हती. मी तसंच घासायला लागले. सोन्याबरोबर कातडी जात होती. किती वेळ लागला सांगता येत नाही. कानस एकदम खोल गेली तेव्हा कळलं, सोनं संपलं. एक कड मी चिमट्यात धरली, दुसरी आत्याबाईंनी सांडशीत, आणि ओढली. अंगठी उघडली. कोंदणं फाकली आणि माणकं टपटप खाली पडून जमिनीवर घरंगळत गेली. बोटात रक्त शिरलं तशी जी कळ आली, ती मला बाळंतपणातही आली नाही. मी किंचाळले.

त्या आवाजानं मामंजी खाली आले. दारात उभे राहिले. ऐरणीवर माझा हात होता, रक्त तिच्यावरून खाली ठिबकत होतं. त्यांनी ते पाहिलं, आणि ते गुडघ्यांवर बसले. चष्म्याचा दोरा कानात अडकवला. बैठकीखालून, शेगडीच्या राखेतून, उंबऱ्याच्या फटीतून एक एक खडा वेचून तळहातावर घेत गेले. शिवी दिली नाही, ओरडले नाहीत. वेचून झाल्यावर बोटानं मोजले. पुन्हा मोजले.

"ईस हायेत," म्हणाले. "एक न्हाई. झाडून घे जरा."

आत्याबाईंनी माझा खांदा धरला. "बस तू," म्हणाल्या. "उटू नगंस."

मी आजवर त्यांच्यावर पुष्कळ चिडले, मनातल्या मनात पुष्कळ भांडले. वडिलांवर, नवऱ्यावर चिडले. ती माणसं गेली, राग जुना झाला. त्या दुपारच्या त्या मुलीवरचा राग मात्र तसाच आहे. कारण तिनं आत्याबाईंचा हात बाजूला केला. पदर बोटाला गुंडाळला, कोपऱ्यातला झाडू उचलला आणि पोट सावरत, वाकून, सबंध दुकान झाडलं. खडा ऐरणीच्या लाकडाखाली सापडला. माझ्याच रक्तात पडला होता म्हणून आधी दिसला नव्हता. मी तो उचलून मामंजींच्या तळहातावर ठेवला.

त्यांनी तो बंडीला पुसला आणि उजेडात धरून तडा गेलाय का ते पाहिलं.